पाती ढिली करणारा माणूस

माझ्या बापानं संप फोडला, असं आमच्या वस्तीत अजून म्हणतात. मी ते कधी नाकारलं नाही. पण त्यानं तो कसा फोडला, हे कुणी नीट सांगत नाही, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये बा फिटर होता आणि मी तिथंच रेच्यावर कापूस टाकायला होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्यात चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला लोखंडी पातं दाबून बसवलेलं असतं. मशीन थांबली की पातं ढिलं करायचं, हा बाचा नियम. नाहीतर एकाच जागी दाब बसून चामडं दबतं आणि रूळ वाया जातो. सुट्टीचा भोंगा झाला की बाकीचे चपला अडकवून पळत, आणि हा एकेका रेच्याजवळ जाऊन पातं सैल करत बसे. त्याला हे करायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

युनियनचं त्याला विशेष कौतुक नव्हतं. "हाताले काम असलं का मानसाले युनियन कायले लागते?" असं म्हणायचा. तरी तो सभासद होता, कारण सगळेच होते. सभेत मागं बसायचा आणि बोलणाऱ्याची नखं बघायचा. ज्याची नखं स्वच्छ, त्याच्यावर याचा विश्वास बसत नसे.

संप झाला तो पट्ट्यावरून. रेचे फिरवणारे पट्टे आमच्या पायांशी उघडेच पळत. एक दिवस शेजारच्या काकूचा पदर पट्ट्यात गेला आणि पदरामागून हात. उजवा, कोपरापर्यंत. मी तिच्या बाजूलाच उभी होते. कुणीतरी ओरडलं, मशिनी जागच्या जागी बंद झाल्या आणि आम्ही सगळ्या बाहेर धावलो, त्या परत आत गेलोच नाही. पट्ट्यांवर जाळी बसवा, मगच आम्ही रेच्यावर उभ्या राहू, असं बायांनीच ठरवलं. युनियनचा पुढारी तेलुगू माणूस होता, आम्ही त्याला अन्ना म्हणायचो. पण ही मागणी त्यानं शिकवलेली नव्हती. ती आमची होती.

ऐन हंगाम होता. नेरडीगोंडा, बाजारहत्नूरकडून कापसाच्या गाड्या येऊन पडत होत्या आणि आवारातला ढीग छपराच्या वर गेला होता. आम्ही फाटकाशी बसून राहिलो. इंद्रवेल्लीला पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर गोळ्या झाडल्या, त्याला फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे आईला गर्दीची धास्ती होती. ती रोज फाटकापर्यंत येऊन मला बघून जायची.

आम्हाला मात्र एका गोष्टीचा भरवसा होता. मशिनी चालू असतानाच बंद पडल्या होत्या, म्हणजे पाती आवळलेलीच राहिली होती. इतक्या दिवसांत रूळ दबलेच असणार. मालकानं बाहेरची माणसं आणली तरी रेचे चालणार नाहीत, नवे रूळ नागपूरहून यायला हवेत आणि तेवढी वाट बघायला त्याला सवड नाही. हे शहाणपण आम्हाला बाच्याकडूनच मिळालेलं होतं. दुसरा आठवडा लागला आणि मॅनेजरचा निरोप आला, सोमवारी बोलायला या, जाळीचं बघू. त्या दिवशी बाया हसल्या. मीसुद्धा.

सोमवारी सकाळी आम्ही फाटकाशी पोचलो तर आत रेचे चालू होते. ट्रक भरून परमुलखातली माणसं आणली होती. आवाज एकसारखा होता, कुठं खरखर नाही. तो आवाज ऐकला आणि मला कळून चुकलं. मी तशीच घरी आले. बा मोरीवर रॉकेलनं हात धूत होता.

"बा, तू आत गेलता?"

"गेलतो. मांगच्या फाटकातून."

"कवा?"

"दुसऱ्याच दिवशी. मंग रोजच. पाती ढिली केली, तेलपानी केलं."

"काऊन, बा?"

"रूळ दबून राह्यले होते वं. मशिनीनं कोनाचं काय केलं?"

"मशिनीनं काकूचा हात खाल्ला!"

त्यानं बोटांमधलं काळं घासून काढलं. मग म्हणाला, "पट्ट्यानं. रेच्यानं नाई."

मॅनेजरनं त्याला बोलावलं नव्हतं, कशाची लालूच दाखवली नव्हती. तसं काही असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान त्याचा मनसोक्त द्वेष करता आला असता. रॉकेलचा डबा त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं, आणि मी त्याला टॉवेल दिला.

सोमवारची बोलणी झालीच नाहीत. चार दिवसांत बाया एकेक करून खाली मान घालून आत गेल्या. मीही गेले. काकू माहेरी निघून गेली. हापशीवर आमच्या घरची घागर दिसली की बोलणं थांबायचं. बाला वाटायचं, लोक उगाच फुगून बसले आहेत.

महिनाभरानं त्यानं भंगारातली तार गोळा केली आणि सुट्टीच्या दिवशी बसून माझ्या रेच्याजवळच्या पट्ट्याला जाळी केली. एक टोक बाहेर आलेलं नाही, एक बोल्ट हलत नाही. "मांगत कायले बसाचं? करून टाकाचं," म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला. वाटलं, आता बाकीच्या पट्ट्यांनाही होईल.

दहा-बारा दिवस ती राहिली. मग मॅनेजर फेरीला आला. "मिस्त्री, ये निकालो. पट्टा बदलने में टाइम जाता है."

बानं पाना काढला. एकेक बोल्ट सोडवून खिशात टाकला, जाळी उचलली आणि वाकू नये म्हणून भिंतीला नीट टेकवून ठेवली. आम्ही सगळ्या हातात कापूस धरून बघत उभ्या होतो.

घरी जाताना मी म्हटलं, "एकदा तरी नाई म्हनाचं होतं, बा."

तो चालता चालता थांबला. मी काय म्हणतेय, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

"कामाचं सांगितलं होतं वं त्यानं," तो म्हणाला.