सावलीतला कोपरा

आर्नल्ड क्रॅबट्रीला ब्रॅकनशॉ गावात सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, आणि तेही कौतुकाने. तीस वर्षं त्याने रेफरीची शिट्टी फुंकली. स्वतःच्या चर्चच्या संघाविरुद्ध त्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली आणि पुढचे कित्येक रविवार पाद्रीबुवांचा फुगलेला चेहरा बघत प्रार्थना म्हटली. सख्ख्या भाच्याला मैदानाबाहेर काढलं, तेव्हा बहिणीने नाताळचा केक पाठवणं बंद केलं. आर्नल्डला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाला खिळे देताना तो जरा जास्तच ताठ उभा राहू लागला. सरळपणाचाही माज असतो, आणि तो आर्नल्डला पुरेपूर होता.

वयामुळे शिट्टी सुटली तरी एक काम त्याच्याकडे राहिलं. थंडीच्या दिवसांत सामन्याच्या सकाळी कुणीतरी गावातल्याच रेफरीने मैदान बघायचं असतं. जमीन गोठलेली असेल तर सामना रद्द, म्हणजे पाहुण्या संघाने उगाच बस काढून शंभर मैल यायला नको. आर्नल्ड जायचा, बुटाची टाच जमिनीत रोवून बघायचा आणि निकाल द्यायचा. त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. आपण लहानपणापासून ब्रॅकनशॉ टाउनचे वेडे आहोत, हे त्याने बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या वर्षी टाउनचं काही खरं नव्हतं. चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी संघ रुतला होता, आणि तळाचा एक क्लब मोसमाअखेर लीगमधून कायमचा बाहेर पडायचा. जानेवारीत स्केल्बी रोव्हर्सशी सामना होता. स्केल्बीही खालीच होते, पण महिनाभर जिंकत सुटले होते. इकडे टाउनचे पाच खेळाडू तापाने अंथरुणावर होते, त्यांत गोलकीपरही होता.

सामन्याच्या सकाळी टाउनचा मॅनेजर डेस लोमॅक्स चहाचा मग घेऊन फाटकातच उभा.

“घ्या, आर्नल्ड. गारठा काय पडलाय! माझी तर हाडं वाजतायत.”

“हाडं तुझी वाजू देत. मी जमीन बघायला आलोय.”

“बघा ना, बघा. मी कुठे काय म्हणतोय?” डेस बरोबरीने चालू लागला. “फक्त तो कोपरा नीट बघा, स्टँडच्या सावलीतला. तिथे कुणाचा पाय मोडला तर? पोरंबाळं आहेत हो लोकांना.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आर्नल्डला सगळं कळत होतं. मैदानभर टाच छान रुतत होती. त्या कोपऱ्यात मात्र खट्ट वाजली. पण स्टँडवरून ऊन वर आलं की तोही कोपरा दुपारच्या आत मऊ पडतो, हे आर्नल्डइतकं कुणाला माहीत होतं? अशा वेळी रेफरीने एकच वाक्य बोलायचं असतं : तासादोनतासाने पुन्हा बघू.

आर्नल्डने डेसकडे पाहिलं. मग त्या रिकाम्या स्टँडकडे पाहिलं, जिथे त्याच्या बापाने त्याला खांद्यावर घेऊन पहिला सामना दाखवला होता.

“नाही होणार सामना,” तो म्हणाला. “धोका आहे.”

डेसने आभारसुद्धा मानले नाहीत. तेवढी अक्कल त्याला होती.

तो सामना एप्रिलात खेळवला गेला. तोवर टाउनचे सगळे ठणठणीत झाले होते आणि स्केल्बीची हवा गेली होती. टाउन एका गोलने जिंकलं. मोसमाच्या शेवटी टाउन एका गुणाने वाचलं, आणि तळाशी राहिलेला क्लब होता स्केल्बी.

ब्रॅकनशॉमध्ये लोक रस्त्यावर नाचले. दुकानात येणारा प्रत्येक जण आर्नल्डला डोळा मारू लागला. “काय फूटपट्टी, त्या कोपऱ्याचा पुतळा उभारायला पाहिजे!” असं कसाई म्हणाला आणि सगळे खो खो हसले. कुणी त्याला दोष देत नव्हतं, हेच त्याला सोसत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नवा मोसम सुरू झाला तरी तो मैदानाकडे फिरकला नाही. खाई त्याला खवखवे.

“चार महिने झाले, ताटात बटाटे चिवडत बसतोस,” बायको मॉरीन एकदा कडाडली. “सांगायचंय ना? मग ज्यांचं वाटोळं केलंस त्यांना जाऊन सांग. माझ्या बटाट्यांनी काय घोडं मारलंय?”

म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आर्नल्ड स्केल्बीच्या बसमध्ये बसला.

स्केल्बीत तो एकाच माणसाला ओळखत होता. विल्फ टॅटर्सल, तिथला मैदान राखणारा. ऐन पावसात एकदा आर्नल्डने तिथे सामना घेतला होता, तेव्हा विल्फने स्वतःचे कोरडे मोजे काढून दिले होते. तेव्हापासून दोघं एकमेकांना नाताळचं कार्ड न चुकता पाठवायचे. विल्फचं यंदाही आलं असतं, याची आर्नल्डला खात्री होती, आणि त्या विचारानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

विल्फ चुन्याची रेघ मारत होता. समोर कुठल्याशा खेड्याचा संघ येणार होता. मागच्या बाजूचा स्टँड फळ्या ठोकून बंद केला होता.

“अरे, आर्नल्ड! मुहूर्त सापडला म्हणायचा तुला!” विल्फने गाडा सोडला. “बघ आमची दशा. क्लबने माझी अर्धी नोकरी काढली. उरलेली अर्धी मी आपला दिवसभर करतो.”

“विल्फ, मला बोलायचंय.”

“बोल की. पण आधी माझं ऐक. आमचा रेग ठाऊक आहे ना, माझ्या बहिणीचा नवरा? तो पबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, त्या क्रॅबट्रीने सामना मुद्दाम रद्द केला. मी म्हटलं, जीभ सांभाळ. त्या माणसाने सख्ख्या भाच्याला सोडलं नाही. वाढत वाढत हातघाईवर आलं बघ. मेपासून आमचं बोलणं बंद आहे. बहीण बिचारी मध्ये रडते.”

परत फिरावं, असं आर्नल्डला वाटलं. पण बसमधून शंभर मैल तो याचसाठी आला होता.

“रेगचं खरं आहे,” तो म्हणाला.

विल्फला आधी कळलंच नाही.

“एक कोपरा तेवढा गोठला होता. दुपारपर्यंत सुटला असता. मला माहीत होतं. आमचे आजारी होते, तुम्ही जिंकत होता. मी केलं ते, विल्फ. जाणूनबुजून केलं.”

विल्फने आपल्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. आर्नल्डने मनाशी सगळी तयारी केली होती, शिव्यांची, अगदी मार खायचीही. विल्फ ओरडला नाही.

“मला का सांगितलंस?” त्याने हळूच विचारलं.

“मन खात होतं रे.”

“आणि आता तुझं हलकं झालं. माझं काय? इतके महिने तुझ्यासाठी भांडलो मी. आता गावात जाऊन काय सांगू? की विल्फ टॅटर्सल गाढव होता?”

“मी सांगतो. सगळ्यांना सांगतो. आत्ता.”

“खबरदार!” विल्फचा आवाज पहिल्यांदा चढला. “क्लब लीगमध्ये परत येणार आहे का त्याने?”

तेवढ्यात चहाच्या टपरीकडून एक जाडजूड माणूस मग हातात घेऊन आला. रेगच होता तो. विल्फकडे न बघता तो आर्नल्डसमोर उभा राहिला.

“क्रॅबट्री ना तुम्ही? बरे सापडलात. तोंडावर विचारतो. त्या दिवशी मैदान गोठलं होतं की नव्हतं?”

आर्नल्डने विल्फकडे पाहिलं. तो नुसता उभा होता, चुन्याने माखलेले हात बाजूला सोडून, जणू निकालाची वाट बघत असलेला खेळाडू.

“गोठलं होतं,” आर्नल्ड म्हणाला. “खेळवण्यासारखं नव्हतं.”

रेगने त्याला खालून वर न्याहाळलं. मग एक सुस्कारा सोडला.

“एवढ्या लांब येऊन डोळ्याला डोळा भिडवून सांगताय, म्हणजे खरंच असणार,” तो म्हणाला आणि विल्फकडे वळला. “चुकलो मी, विल्फ. उद्या जेवायला ये. तुझ्या बहिणीने पाच महिने माझं डोकं खाल्लंय.”

त्याने हात पुढे केला. विल्फने तो धरला. हात रेगच्या हातात होता, पण नजर त्याने आर्नल्डवरून हलवली नाही.

“तुझी बस आहे आता,” विल्फ म्हणाला. “आणि यंदापासून कार्ड नको पाठवूस.”