हात काढायचा नाही

प्रसूतिगृहात तिला सगळे तोफबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हणायची सोयच नव्हती, कारण बाईंचं तोंड जितकं तिखट, तितकेच कानही तिखट.

कळांच्या खोलीची ही मुख्य सिस्टर. ठेंगणी, गुबगुबीत, आणि चालायला लागली की चपलांचा असा फटफटाट की अडलेली बाईसुद्धा क्षणभर ओरडायचं विसरावी. कुणी “मेले गं बाई, मेले” म्हणालं की ही खेकसायची, “मेलीस तर बोलतंय कोण? श्वास घे!” पण खेकसता खेकसता हात मात्र तिच्या पाठीवरून फिरत असायचा, कळ ओसरेपर्यंत. बाईंचा नवरा म्हणायचा, “हिच्याशी वादात जिंकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय.” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: “येऊ दे की. येईल तोही माझ्याच हातून!”

त्या दुपारी एक शिवणकाम करणारी पोरगी आली होती. आधीच्या खेपेला नववा महिना भरत आला असताना बाळ पोटातच गेलं होतं. या वेळी तिने गिऱ्हाइकांच्या बाळांची ढीगभर झबली शिवली, पण स्वतःच्या बाळासाठी एक टाका घालायची हिंमत केली नव्हती. कळा सुरू होऊनही ती ओरडत नव्हती. छताकडे बघत पडून होती. तोफबाईंना असल्या गप्प बायकांचीच जास्त धास्ती वाटे.

पाणमोट फुटली. बाईंनी हातमोजा चढवून तपासलं. बाळाच्या डोक्याआधी हाताला लागली ती मऊ, धडधडणारी नाळ. आता डोकं खाली सरकलं की नाळ चेंगरणार, आणि बाळाचा सगळा जीव त्या नाळेत. बाईंनी बोटांनी डोकं वर रेटलं आणि तसंच धरून ठेवलं.

“थिएटर तयार करा! डॉक्टरांना बोलवा!” तोफ धडाडली. “आणि ऐका, बाळ बाहेर आल्याशिवाय माझा हात निघायचा नाही!”

मग काय, बाईही ट्रॉलीवरच चढल्या. गुडघे टेकून, एक हात आत, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरून. आयांनी दोघींवर मिळून एक चादर टाकली आणि वरात निघाली. बाहेर त्या पोरीचा नवरा उभा होता, बसड्रायव्हर. बायकोसोबत सिस्टरही ट्रॉलीवरून चाललेली बघून त्याचा आ वासला. “बाई, तुम्ही कुठं?”

“तुझ्या बायकोला फिरवून आणते! सही कर आणि वाट सोड!”

थिएटरात पोरीला कुशीवर वळवून पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं, पुन्हा उताणं केलं. बाईंचा हात जागचा हलला नाही. टेबलाच्या पायथ्याशी त्या वाकून बसल्या आणि वरून हिरवी कापडं पडली. एवढ्यात हात धुऊन डॉक्टरीणबाई धावत आल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि भडकल्या. “तोफबाई कुठायत? एरवी डोकं खातात, आणि आज नेमक्या वेळी गायब?”

कापडाखालून आवाज आला, “अहो, तुमच्या नाकाखालीच आहे मी! शोधता काय, कापा!”

भूल देणारे डॉक्टर खो खो हसले. आणि ती गप्प पोरगी, तिलाही हसू फुटलं.

“हसू नकोस गं भवाने, माझा हात हलतो!”

डॉक्टरीणबाईंनी सुरी चालवली. खाली बाईंच्या बोटांवर नाळ टकटक करत होती. बाहेरच्या जगाशी बाईंना काही देणंघेणं उरलं नव्हतं, सगळा जीव त्या टकटकीत गोळा झाला होता. मग एक जोरदार कळ आली, डोकं खाली दाबलं गेलं आणि टकटक मंदावली. थांबल्यासारखीच झाली. बाईंनी दातओठ खाऊन रेटा दिला. खांद्यातून आग निघत होती. तोफबाई गप्प झाल्या, तसे डॉक्टरीणबाईंचे हात आणखी भरभर चालू लागले.

आणि मग पुन्हा टक... टक. वरून दुसरी बोटं येऊन बाईंच्या बोटांना भिडली.

“डोकं आलं हातात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सोडा तुम्ही.”

बाळ वर गेलं. खाली बाईंचा हात रिकामा झाला. कापडाखालून दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येणार होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. बालरोगतज्ज्ञ बाळाला पुसत होते, चोळत होते. बाई देवाचं नाव घ्यायला गेल्या आणि तोंडातून निघालं भलतंच, “रड की रे मेल्या!”

आणि ते रडलं! कसलं रडलं! खिडकीची तावदानं थरथरावीत असं. बाहेर बसड्रायव्हरने ते ऐकलं आणि भिंतीला टेकून तोही हमसून हमसून रडला. डॉक्टरीणबाई मास्कच्या आत हसत टाके घालू लागल्या.

कापडाखालून बाई निघाल्या तेव्हा केस विस्कटलेले, पाठीची कमान झालेली आणि हात खांद्यापासून बधिर. बोटं वाकलेली, ती सरळच होईनात. मुलगी होती. “घ्या ना हिला,” आया म्हणाली, तर बाईंना घेताच येईना. शेवटी आयानेच बाळ आईच्या गालाशी नेऊन धरलं.

पोरीने लेकीचा मुका घेतला, डोळे भरून बघितलं. मग मोकळा हात पुढे केला. “बाई, तुमचा हात द्या इकडे.”

“माझा कशाला? लेकीकडे बघ आधी.”

“तिच्याकडे आता सगळे बघतील. तुमच्याकडे कोण बघणार?”

पोरीने तो वाकडा हात आपल्या हातात ओढून घेतला आणि एकेक बोट हलक्या हाताने चोळायला लागली. बाईंनी काहीतरी सुनावायला तोंड उघडलं, पण हुंदका आला. त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि मुकाट्याने हात चोळून घेऊ लागल्या.