चार नंबरच्या गेटवरचा अलॉइस

अलॉइसला आमच्या भावकीत आजही लोक 'तिकीट' म्हणतात. तिकीट बाजारात दिसला, तिकिटाने दाढी वाढवली, तिकीट आता कुणाशी बोलत नाही. असं म्हणायचं, सुपारीची लाल पिंक टाकायची आणि हसायचं. मीही पुष्कळ दिवस हसलो. आता हसू येत नाही. सांगून माझं पाप फिटणार नाही हेही मला ठाऊक आहे, पण निदान खरं काय झालं ते कुणीतरी सांगायला हवं, आणि ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

अलॉइस माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचा बाप वारला तेव्हा माझ्या बापाने, मोंडोने, त्याला सिम्बूच्या डोंगरातून विमानात घालून इथे राजधानीत, मोर्सबीला आणला, शाळेत घातला, आमच्या पत्र्याच्या घरात माझ्या शेजारी झोपवला. आमच्यात हे काही उपकार मानत नाहीत. एका बोलीची माणसं म्हणजे एक चूल. तुझ्या ताटात आहे ते माझं, आणि माझ्यावर येईल ते तुझ्यावर. शहरात आम्हा सिम्बूंची वस्ती असलेली सगळी टेकडी याच एका गोष्टीवर उभी आहे.

पण अलॉइस लहानपणापासून जरा सरळसोट. आम्ही पोरं मैदानावर रग्बी खेळायचो तेव्हा चेंडू हातातून निसटला तर तो स्वतःच सांगायचा, निसटला म्हणून. पंचाने पाहिलेलं नसायचं. आम्ही सामना हरायचो आणि त्याला बडवायचो. मोठा झाला, लग्न करून त्याच टेकडीवर वेगळं घर केलं, तरी त्यात फरक पडला नाही. रखवालदाराच्या कामाला असा माणूस सोन्यासारखा, आणि भावकीला तो दगडासारखा जड.

त्या वर्षी रग्बी लीगची जागतिक स्पर्धा होती आणि आमच्या गटातले तिन्ही सामने आमच्याच शहरात, तीन शनिवारी दुपारी. तिकिटं दोन दिवसांत संपली. लोक रडले. रखवालदारांच्या कंपनीने अलॉइसला चार नंबरच्या गेटवर घेतलं. पिवळा शर्ट, गळ्यात ओळखपट्टा. सुपरवायझर वागी म्हणून किनाऱ्याकडचा माणूस होता. त्याने सांगितलं होतं, तीन सामने गेट चोख सांभाळलंस तर कंपनी तुला कायम करील.

अलॉइसला ही नोकरी हवी होती ती आईसाठी. ती, माझी मोठी आई, चार महिन्यांपूर्वी डोंगरातून खाली आली होती, पाय सुजलेले, चार पावलं चालली की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. तिला मरणाची भीती नव्हती, एकच धास्ती होती. माझा हात धरून म्हणायची, "मला इथे पुरू नका रे. इथली माती तापलेली असते. मला वर न्या, गार मातीत, तुझ्या काकांच्या शेजारी." सिम्बूला इथून रस्ता नाही. माणूस जिवंत असो की मेलेला, विमानानेच जातो, आणि मेलेल्या माणसाचा तो खर्च कुणा एकट्याला झेपत नाही. तो भावकीचा असतो. भावकी म्हणजे माझा बाप. त्याने हाक दिली की टेकडीवरच्या घराघरातून पैसे निघत. हे अलॉइसला माहीत होतं, म्हणून मी त्याला मूर्ख म्हणतो. शहाण्या माणसाने हे लक्षात ठेवून गेटवर उभं राहायला हवं होतं.

पहिल्या शनिवारी आम्ही एकोणीस जण निघालो. तोंडाला लाल, काळे, पिवळे पट्टे ओढलेले, बाबा सगळ्यांच्या पुढे. एकाच्याही खिशात तिकीट नव्हतं. तिकीट कशाला? गेटवर आपला माणूस होता. रस्त्यात बाबा भेटेल त्याला सांगत होते, माझा पुतण्या चार नंबरला आहे म्हणून. त्यामुळे पोचेपर्यंत एकोणीसचे सव्वीस झाले.

गेटवर बाबांनी आमच्या बोलीत विचारलं, जेवलास का. अलॉइसच्या मागे वागी हाताची घडी घालून उभा होता. मग अलॉइसने शहरातल्या सगळ्यांना कळते त्या बाजारबोलीत म्हटलं, "तिकीट दाखवा."

बाबा हसले. त्यांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. "अरे, मीच तुझं तिकीट. तुला या गावात आणला कोणी?"

"तिकीट नसेल तर बाजूला व्हा. मागची माणसं खोळंबलीत." तेही बाजारबोलीत.

बाबा शिव्या देतील असं मला वाटलं होतं. पण ते वळले आणि चालू लागले, आणि आम्ही बाकीचे सगळे त्यांच्या मागून. बाहेरच्या झाडांवर आधीच माणसं लगडली होती, आम्हाला फांदी मिळाली नाही. कुंपणापाशी उभं राहून आतल्या आरडाओरडीवरून आम्ही सामना ओळखत राहिलो. तिथूनच मी पाहिलं, वागीने बाजूचं लहान दार उघडून आपल्या बाराएक माणसांना आत घेतलं. अलॉइसनेही ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. आपला संघ जिंकला. आम्ही पाहिलं काहीच नाही.

सामना संपल्यावर अलॉइस तसाच पिवळ्या शर्टात आमच्या घरी आला, हातात भाताचं पातेलं आणि मासळीचे दोन डबे. म्हणाला, काका, फक्त तीन सामने, मग कायम होईन, मग तुम्हाला दर सामन्याला माझ्या पैशाने तिकीट काढून नेईन. बाबांनी पातेल्याकडे पाहिलं नाही.

"तू माझ्याशी बाजारबोलीत बोललास," ते म्हणाले.

"सुपरवायझर मागे उभा होता, काका."

"मग तोच तुझा काका. भात त्याच्याकडे ने."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर ठरलं. अलॉइसने सगळ्यांसमोर डुक्कर कापायचं, चुकलो म्हणायचं, बाबांचा हात धरायचा. तोवर त्याच्या दारात कुणी जायचं नाही. आमच्यात भांडण असंच मिटतं, त्यात जगावेगळं काही नाही. पण अलॉइस म्हणाला, चुकलो असतो तर दोन डुकरं कापली असती. झालं. बायांनी मोठ्या आईकडे रताळी न्यायचं बंद केलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आई विहिरीवर मोठ्याने म्हणायची, त्याच्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने. मोठी आई विचारायची, मोंडो का येत नाही? अलॉइस सांगायचा, सामन्यांच्या गडबडीत आहेत. दुसऱ्या शनिवारीही तो गेटवर गेला. आम्ही रेडिओ ऐकला.

तिसऱ्या सामन्याच्या आधी गुरुवारी सकाळी मोठी आई गेली. ताट समोर होतं आणि भिंतीला टेकलेली ती तशीच गेली.

अलॉइसने अंगणात निळी ताडपत्री बांधली. बाकं मांडली, लाकडं फोडली, मोठी किटली चुलीवर चढवली. आमच्यात माणूस गेलं की ताडपत्रीखाली आठवडाभर माणसं बसतात, रडतात, जेवतात, तिथेच झोपतात. किती माणसं बसली यावरून ते माणूस किती जगलं ते कळतं. गुरुवारी त्या ताडपत्रीखाली अलॉइस, त्याची बायको आणि शेजारचा हारो बसला होता. हारो किनाऱ्यावरच्या गल्फ प्रांतातला, आमच्या बोलीचा एक शब्द त्याला येत नव्हता. टेकडीवरून रडण्याचा आवाज उठायला हवा होता, तिथे दोघा-तिघांचाच येत होता. माझी आई घरात बसून हळूच रडली. बाहेर जायची तिची छाती झाली नाही.

शुक्रवारी हारो अलॉइसचा निरोप घेऊन बाबांकडे आला. अलॉइस नमला होता. डुक्कर कापतो, सगळ्यांसमोर हात धरतो, फक्त डुक्कर आणायला दोन दिवस द्या आणि तोवर माणसं येऊ देत, आईला वर न्यायचं ठरवू देत. एवढं सरळ झाड एवढं वाकलं होतं. बाबांनी उठायला हवं होतं.

बाबा म्हणाले, "दोन दिवसांनी बघू. उद्या सामना आहे."

मी हे जन्मात विसरणार नाही. आम्ही नंतर सगळ्यांना सांगत राहिलो की त्याने काकांचा अपमान केला म्हणून कुणी गेलं नाही. खोटं. त्याने माफी मागितली होती. शेजारच्या बेटांच्या संघाशी सामना होता आणि तो जिंकला तर आपण गटात पहिले. एवढंच कारण होतं.

शनिवारी सकाळी वागीचा निरोप आला. चार नंबरला माणूस नाही, शर्ट जादा नाही, अलॉइसचा शर्ट आणि पट्टा घेऊन कुणीतरी या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा. गेट आपल्याच घरात राहू दे." मी वर्षभर बिनकामाचा होतो. पण त्याचा आडोसा आता कशाला घेऊ? मला सामना पाहायचा होता.

मी ताडपत्रीपाशी पोचलो तसा अलॉइस उठला. दोन दिवसांत त्याच्याकडे आमच्या रक्ताचा आलेला मी पहिला माणूस. त्याने मला मिठी मारली आणि तो आमच्या पद्धतीने मोठ्याने रडू लागला. "आलास रे, आलास," म्हणत राहिला. बायकोला म्हणाला, चहा ओत, भाऊ आलाय. मला त्याच्या खांद्यावरून शर्ट दिसत होता, दोरीवर धुऊन वाळत घातलेला.

मी चहा प्यालो. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? कप खाली ठेवला आणि म्हणालो, "दादा, कंपनीने शर्ट मागितलाय."

तो दोरीपाशी गेला, शर्ट काढला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली, वर ओळखपट्टा ठेवला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या पट्ट्यावर त्याचा फोटो होता. मी तो उलटा करून गळ्यात घातला.

दुपारी मी चार नंबरच्या गेटवर उभा राहिलो आणि आमची सगळी टेकडी आत सोडली. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. बाबा माझा गाल थोपटून आत गेले. मागोमाग वागीने आणलेली माणसंही मी सोडली, न विचारता. वागी म्हणाला, तू समजूतदार आहेस, तुझा भाऊ फार कटकट्या होता. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना आमच्या संघातल्या एका पोराने कोपऱ्यात उडी मारून चेंडू टेकवला आणि आम्ही जिंकलो. मी रडलो, इतका आनंद झाला. हे मी लपवून ठेवत नाही.

परतताना तीन ट्रक भरून आम्ही गात, पत्रे बडवत आलो. उन्हं अजून होती. ट्रक अलॉइसच्या अंगणावरून जातो, दुसरी वाट नाही. ताडपत्रीखाली तो आणि हारो बसले होते, पुढे रिकामी बाकं. आमचं गाणं थांबलं नाही. कुणीतरी थांबवायला हवं होतं आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा थांबवील. अलॉइसने मान वर केली, ट्रकमधली माणसं पाहिली. शर्टामुळे मी त्याला लांबूनच दिसलो असणार.

डुक्कर आलंच नाही. बाबा रविवारी वाट पाहत बसले, सोमवारीही. घसा बसलेला, तरी सांगत होते, आणील, आणील, मग मी हाक देतो, मोठ्या वहिनीला वर नेऊ. मंगळवारी ते स्वतः अलॉइसच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. अलॉइसने ताडपत्री उतरवून ठेवली होती. शवागार मोठ्या आईला जास्त दिवस ठेवायला तयार नव्हतं.

बुधवारी तिला शहराबाहेरच्या दफनभूमीत नेत असल्याचं मला हारोच्या बायकोने सांगितलं. त्याच सकाळी कंपनीने मला कायम केल्याचा कागद दिला होता. मी तसाच धावत गेलो, पिवळा शर्ट बदलायलाही वेळ नव्हता. धूळ उडत होती, जमीन तव्यासारखी. पेटी गाडीतून उतरवून ठेवली होती. हारो, त्याचे दोन भाऊ आणि अलॉइस. चौघे वाकून पेटीला हात घालत होते.

मी पुढे झालो आणि अलॉइसच्या बाजूने खांदा लावायला वाकलो. मोठ्या आईने मला लहानपणी गावी पाठीवर घेऊन डोंगर चढला होता, तेवढं तरी मी देणं लागत होतो.

अलॉइसने वर पाहिलं. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, "चौघे झालेत. तू जा, तुझी ड्यूटी असेल."

त्यांनी पेटी उचलली. वाट अरुंद होती, मला बाजूला व्हावं लागलं.