गिऱ्हाणाचं दान

पाटलिणीनं नातवावरून भाताचं ताट तीनदा उतरलं आन् वरूनच माझ्या मायच्या पदरात ओतलं. नातू गोवरानं फणफणलेला. भाताला ओकारीचा वास मारत व्हता. त्याच्या अंगातलं घामट अंगडंबी तिनं वरून टाकलं आन् म्हणाली, "घे. याची पीडा तुझ्या लेकरायच्या अंगावर जाऊ दे."

माय म्हणाली, "जाऊ दे, मायबाप."

मी सात-आठ वर्साची, मायला धरून उभी. वर सूर्याला गिऱ्हाण लागलेलं. आमच्या सेनगावाकडच्या खेड्यात गिऱ्हाण लागलं की मांगाच्या बाईनं दारोदार वरडत फिरायचं, "दे दान, सुटे गिऱ्हाण." सूर्याला गिळणारा मांगच हाय, मांगाला दान दिलं की तो सोडतो, असं गाव मानायचं. दान कसलं? नासकं, आजाऱ्यावरून उतरलेलं, मेलेल्याच्या अंगावरचं. थू! ते आमी खाल्लं. ते अंगडं माझ्या धाकट्या भावाला घातलं. पंधरा दिवसांत गोवरानं पोरगं गेलं. पाटलाचा नातू बरा झाला. गाव म्हणालं, दान लागू पडलं.

पुढं नवरा मेला आन् मी मायकडं परत आले. त्या वक्ताला मिशनची एक बाई मांगवाड्यात येऊन लिंबाखाली वाचून दाखवायची. येशूनं साऱ्या जगाची पीडा आपल्या अंगावर घेतली, एकदाच घेतली, असं तिनं सांगितलं आन् मी उठून बसले. मंग पाटलाच्या नातवाची पीडा माझ्या भावानं काहून घ्यावी? मायनं आन् मी बाप्तिस्मा घेतला. गावाला त्याचं सुखदुःख न्हाई. नाव कुणाचंबी घे, काम बराबर कर, एवढंच म्हणणं.

मंग पुन्हा गिऱ्हाण आलं. पाटलाची सून आठव्या महिन्यात, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलेली. वरडायचा हक्क आमच्याच घराचा, भावकीतल्या दुसऱ्या बाईला सोय न्हाई. हक्क म्हणे! नासकं खायचा हक्क. पाटील सोता मांगवाड्याच्या तोंडाशी आला. सुनेच्या लेकराला काही झालं तर झोपडी जाळीन म्हणाला. माझा चुलता माझ्याच पाया पडला. दोन येळा वरड, मनात येशूचं नाव घे, कोण बघतंय, म्हणाला.

मी म्हणाले, "पाटील, ती पीडा येशूनं घेतली. आता मी घेणार न्हाई."

अंधारून आलं, कोंबड्या डालग्यात शिरल्या. सूर्य सुटलाच न्हाई तर? त्या बाईचं लेकरू गेलं तर? गावभर कुणी वरडलं न्हाई. आन् हळूहळू ऊन पडलं. पयल्यासारखं, लख्ख. मी हसत सुटले, मंग छाती पिटून रडले. माझा भाऊ ह्याच्यासाठी गेला व्हता. मला गावाची किळस आली, आन् त्याहून जास्ती आमच्या "जाऊ दे, मायबाप"ची.

दुसऱ्या दिवशी दारात टोपली. शिळ्या भाकरी, आंबलेलं वरण, सुनेचं जुनं लुगडं. हे घ्या, न्हाई तर सुगीचे दाणे बंद, असा निरोप. दोन दिवस चूल पेटली नव्हती. मायचा हात भाकरीकडं गेला. मी तिचं मनगट धरलं. टोपली डोक्यावर घेतली, भर दुपारी मधल्या गल्लीनं गेले, जिथून आमची सावलीबी जायची न्हाई, आन् पाटलाच्या ओट्यावर ठेवली. "तुमची पीडा, तुमच्या घरी," एवढंच बोलले. गड्यानं काठी घातली. खांद्याचं हाड मोडलं.

तो हात अजून वर जात न्हाई. सुनेला धडधाकट पोरगं झालं, तरी दाणे बंदच. लोक इचारतात, येशूनं काय दिलं गं तुला? मी एका हातानं शिंदीचे झाडायचे फडे बांधते, जवळच्या गोरेगावच्या बाजारात इकते, आन् इथंच राहते. गाव सोडणार न्हाई. येशूला त्याहून न्हाई. पुढच्या गिऱ्हाणाला सूर्य अडकला तर अडकू दे. लईच घाई असंल तर पाटलानं सोता पदर पसरावा आन् दारोदार वरडावं.