हिंद्रिकचं प्लायवूडचं विमान

नेदरलँड्समधल्या आमच्या ग्रोनिंगनकडच्या गावात हिंद्रिक सुतारकाम करायचा. तरुणपणी त्याला वैमानिक व्हायचं होतं, पण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही म्हणून तपासणीतच त्याला घरी पाठवलं. सत्तरी गाठल्यावर त्यानं सायकलींची खोली रिकामी केली आणि दोन हिवाळे खपून प्लायवूडचं कॉकपिट उभं केलं. समोर संगणकाचे तीन पडदे, हातानं बसवलेली बटणं आणि शेजारीशेजारी दोन खुर्च्या; घरबसल्या पडद्यावर विमान उडवायची सगळी सोय.

"दुसरी खुर्ची कुणासाठी रे?" त्याच्या बायकोनं, त्रेइनचेनं विचारलं.

"तुझ्यासाठी. दिव्यांचे रंग कोण सांगणार मला?"

"म्हणजे म्हातारपणीही मीच राबायचं!" असं म्हणत ती कॉफीचा थर्मास घेऊन बसली.

त्या रविवारी दुपारी मी शेजारी म्हणून मागच्या स्टुलावर होतो. पडद्यावरचे ढग विरले आणि लांब धावपट्टी दिसू लागली.

"दोन लाल, दोन पांढरे," धावपट्टीच्या कडेचे चार दिवे बघून त्रेइनचे म्हणाली.

"मग उंची बरोबर आहे." हिंद्रिकनं चाकं इतकी अलगद टेकवली की टेकल्याचं कळलंही नाही.

थर्मासमधली कॉफी ओतत त्रेइनचे हळूच म्हणाली, "चल, आता मावळतीकडे जाऊ. सावकाश उडव, म्हणजे आभाळाचे रंग मला तुला नीट सांगता येतील."