मशीन बघायचा कार्यक्रम

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. प्रत्येक वस्तूशी त्यांनी सोयरीक जुळवली आहे. त्यांच्या टेंभुर्णीच्या घरातला पंखा घ्या, शिलाई मशीन घ्या, गोठ्यातली म्हातारी म्हैस घ्या. प्रत्येकाचं मूळ गाव, आधीचं घर आणि तिथून निघण्याचं कारण त्यांना तोंडपाठ. पंखा लावतानासुद्धा सांगणार, "हा मास्तरांच्या घरचा. शांत हाय, आवाज करत न्हाय." आवाज कशाला करेल, तो फिरतोच जेमतेम. पण चांगल्या घरून आलेल्याला बोलायचं कसं, म्हणून आम्ही सगळे त्या पंख्याखाली घाम पुसत त्याच्या शांतपणाचं कौतुक करतो.

दुसरी खोड वजनाची. त्यांची उभी हयात टेंभुर्णीच्या चौकात ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात गेली. आलेला डाग, म्हणजे मालाचा नग, उचलायचा, हातानं अंदाज घ्यायचा आणि मगच काट्यावर ठेवायचा. नोकरी संपली, हात काही थांबला नाही. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा चहाचा कप बशीसकट उचलून म्हणाले, "कप जड हाय. घर भक्कम दिसतंय." आणि तेवढ्यावर सोयरीक पक्की झाली, असं आमची ही अजून सांगते. नातू झाला तेव्हा नर्सनं काट्यावर ठेवायच्या आत यांनी त्याला उचलून वजन सांगितलं. काट्यानं थोडं वेगळं सांगितलं, तर म्हणाले, "काटा एकदा तपासून घ्या, मॅडम."

अशा माणसाच्या हातात गेल्या वर्षी आमच्या वर्षाच्या लॅपटॉपचं प्रकरण गेलं. वर्षा आमची एकुलती एक. लग्नाआधी सोलापुरात एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करायची आणि हुशार म्हणून तिचं नाव होतं. लग्न होऊन टेंभुर्णीला गेली, बाळ झालं, काम सुटलं. जावई ट्रकच्या धंद्यात, आठवड्यातले बरेच दिवस रस्त्यावर. घरात सासूबाई नाहीत. त्या वर्षाच्या लग्नाआधीच गेल्या. एके दिवशी त्या सल्लागारांचा तिला फोन आला. घरी बसून काम कर, पण मशीन तुझं स्वतःचं हवं आणि एक तारखेला सुरुवात हवी, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. मला फोन करून वर्षा म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी मला कुणीतरी बाळाच्या दातांशिवाय दुसरं काहीतरी विचारलंय." तिचा आवाज असा खुलला होता की मी पायांत चपला सरकवून दुकानाकडे निघालोच. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतून दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. तेवढ्यात व्याह्यांचा फोन.

"पावणं, कुटं निघाला?"

मी सांगितलं.

"थांबा की. लेक तुमची, कबूल हाय. पण मशीन आमच्या घरात येणार. घरात येणाऱ्याला बघायचा मान माझा."

मुलीचा बाप कितीही तापट असला तरी व्याह्यांपुढे त्याचा आवाज बारीक होतो. मी चपला काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं व्याही हजर. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर वरमाईचा उत्साह आणि हातात ज्वारीची पिशवी. मला वाटलं, आमच्यासाठी आणली. ही तर स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली. व्याह्यांनी पिशवी मागं ओढली. "ही माप म्हणून आणलीया," म्हणाले. कसलं माप, ते मला दुकानातसुद्धा कळलं नाही. दुकानदारानं एकेक नवं मशीन दाखवायला सुरुवात केली. स्वस्तातलं नवं कसं सावकाश चालतं, मेमरी किती लागते, बॅटरी किती वेळ टिकते, सगळं समजावून सांगितलं. व्याह्यांनी मान डोलावून ऐकलं. मग मशीन पिशवीत घालून खांद्याला अडकवलं, ज्वारी लेकरासारखी कडेवर घेतली आणि थेट दुकानाबाहेर चालू पडले. दुकानदार गल्ला उघडा टाकून मागं धावला. बघतो तर हे पायरीवर. एक पाय वर, एक पाय खाली, चढतायत, उतरतायत, खांद्याला हिसका देऊन बघतायत. समोरच्या टपरीवरची माणसं चहा हातात धरून उभी. आत येऊन यांनी निकाल दिला, "जड हाय. दुसरं दावा."

सगळी मशीनं जड निघाली. दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं आणि मला ते पटलं होतं: हिशेबाचं काम आहे, मोठा पडदा घ्या, बाजूला आकड्यांची वेगळी बटणं आहेत, त्याच पैशात लहानापेक्षा मोठं मशीन बरं पडतं. मी म्हटलं, "व्याही, मशीन टेबलावर राहणार. वजनाचं काय करायचंय? ते काय ट्रकवर चढवायचंय?" एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण तेव्हा नुसते हसले. "बघावं लागतं की," एवढंच म्हणाले आणि ज्वारीची पिशवी झटकून काखेत मारली. मी मनात म्हटलं, बुकिंग ऑफिस सुटलं, पण डोक्यातून जात नाही. दुपारी चारच्या गाडीनं ते परत गेले, कारण काहीही झालं तरी म्हशीची धार चुकवायची नाही, हा त्यांचा नेम.

जाताना जाहीर करून गेले की नवं नकोच. नव्या मशीनचं घराणं कळत नाही. मग सुरू झाले वापरलेल्या मशीनचे कार्यक्रम. जाहिरात बघून माणसं मशीन घेतात, हे मशीनवाल्याच्या घरी जातात. आधी फोन करून विचारायचे, "उद्या बघायला आलो तर चाललं का?" पलीकडच्याला वाटायचं पाच मिनिटांचं काम. आम्ही जाऊन बसायचो ते बैठकीतच. गाव कुठलं, भावंडं किती, मशीन पहिल्यापासून याच घरात का, विकायचं का काढलं, सगळं रीतसर. एका कॉलेजच्या पोराचं मशीन मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले. मशीन गरम व्हायला लागलं, पंखा घुमायला लागला. "रागीट हाय," म्हणाले. पोरगा मशीन विकून मोटारसायकल घेणार होता, हे कळल्यावर त्याला इतकं गोडीत समजावलं की त्यानं विकायचा बेतच मोडला. त्याच्या आईनं आम्हाला पोह्यांवर शिरा खाऊ घातला. आम्ही हात हलवत परत.

वळसंगला एका शिक्षकाकडे गेलो तर तिथं शेंगांची चटणी, कडक भाकरी, दही, असा बेत. मशीन बरं होतं, पण ज्वारीसकट पायरी चढताना यांचा खांदा उतरला, म्हणून बाद. बोलता बोलता त्या शिक्षकाचा पुतण्या लग्नाचा आहे हे निघालं, आणि यांच्या ओळखीत एक मुलगी होतीच. व्याह्यांनी तिथूनच फोन लावला. पुढं ते लग्न खरोखर झालं आणि आम्हाला दोघांनाही मानाचे टॉवेल-टोपी मिळाले. म्हणजे आमच्या खटपटीतून एक संसार उभा राहिला, एका पोराचं मशीन वाचलं, आणि वर्षाला काय, तर काही नाही. एक तारीख परवावर आली. वर्षाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा बारीक झाला होता. "राहू दे बाबा, आबा दमलेत," सासऱ्यांची बाजू घेत म्हणाली. मी ठरवलं, आता मान गेला खड्ड्यात, संध्याकाळी ते मोठं मशीन घेऊन टाकायचं. रीत म्हणून व्याह्यांना कळवलं. ते म्हणाले, "आज एक जागा बघून येऊ. न्हाय जुळलं तर तुमी म्हनाल ते."

ती जागा म्हणजे सोलापुरातल्याच, निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंचं घर. दोन स्वच्छ खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, टेबलावर विणलेल्या रुमालाखाली एक छोटंसं मशीन. लेकीशी बोलायला घेतलेलं. आता लेकीनं मोठं पाठवलं होतं. व्याह्यांनी रुमाल बाजूला केला, मशीन तळहातावर तोललं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला नातवाच्या जन्माची आठवण झाली. "सव्वा किलो," पुटपुटले. ज्वारी कडेवर, मशीन खांद्याला, बाईंच्या जिन्यावरून दोनदा वरखाली करून आले. धाप नाही, काही नाही. बाईंनी सगळं शांतपणे बघितलं.

"वापरणार कोण?" बाईंनी विचारलं.

"आमची सूनबाई."

"मग ती कुठाय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी घरं फिरलो, इतके पोहे खाल्ले, पण जिच्यासाठी बघत होतो तिला एकदाही बरोबर न्यायचं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे बघायला जातात ती मोठी माणसं, एवढंच आम्हाला ठाऊक. बाई म्हणाल्या, "तिला बोलवा. तिच्या हाताखाली बटणं बसतात का, तिला बघू दे. तिच्याशिवाय मी मशीन देत नाही."

वर्षा दुपारच्या गाडीनं आली. स्टँडवर आम्ही दोघं उभे. बाळ कडेवर, त्याची बॅग खांद्याला, एका हातानं दांडी धरून ती गाडीच्या पायऱ्या उतरली. व्याही तिच्या पायांकडे एकटक बघत होते. बाईंच्या घरी येऊन तिनं मशीन उघडलं, चार ओळी भराभर टाइप केल्या, आकडे घातले आणि हसली. पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी खुर्ची व्याह्यांच्या समोर ओढली.

"ती कामाला बसली की लेकराला कोण बघणार?"

"मी हाय की."

"आणि भाकरी?"

व्याही घुटमळले. "येत न्हाय. शिकतो."

वर्षानं तोंडाला पदर लावला. मला तर वाटलं, जमीन दुभंगेल. आमच्या व्याह्यांना असं उलट विचारणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. मी मुलीचा बाप. मीसुद्धा लग्न ठरवताना असं काही विचारलं नव्हतं. बाईंनी शेवटचं विचारलं, "हिशेबाला मोठा पडदा बरा पडतो. तुम्ही या लहानासाठी एवढे का अडून बसलाय?"

व्याह्यांनी ज्वारीची पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता बोलले. "घरच्या कामाला सुट्टी नसती, बाई. उद्या पंचमीला सूनबाई माहेरी निघंल आन् काम आडवं येईल. टेबलावरचं मशीन म्हंजे खुंटाच की. एका हातात लेकरू, एका खांद्याला मशीन, आन् एस.टी.ची पायरी चढता आली पायजे, एवढंच बघत होतो." मग खाली ठेवलेल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "आमच्या हिचं माहेर अक्कलकोटाकडं. कानडी मुलूख. आमच्या घरात तिच्याशी कानडी बोलायला कुणी न्हवतं. सणाला गाडी दारावरनं जायची, ही उंबऱ्यात उभी ऱ्हायची. गोठ्यात म्हशी होत्या. म्हशी काय पिशवीत घालून नेता येत न्हाईत."

बाळानं ज्वारीच्या पिशवीवर बसकण मारली होती, ते तेवढं खुळखुळ करत होतं. बाईंनी उठून मशीन पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि वर्षाच्या हातात दिलं. वर हळदीकुंकवाला देतात तसं नारळ आणि ब्लाऊजपीसही दिला. पैसे मीच दिले आणि एरवी मानासाठी अडून बसणाऱ्या व्याह्यांनी ते देऊ दिले, यातच काय ते समजा.

एक तारखेला वर्षाचं काम सुरू झालं. ज्यांचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू जायचा ते व्याही आता ती कामाला बसली की बाळाला घेऊन गोठ्यात जातात आणि कुजबुजत बोलतात. बाळ बोलायला लागलं तेही कुजबुजतच, अशी वर्षाची तक्रार आहे. पंचमीला ती आमच्याकडे आली. बाळ कडेवर, मशीन खांद्याला. पायरी चढताना मी मुद्दाम बघितलं, ती जराही अडखळली नाही. दुपारभर आमच्या माजघरात बटणं वाजत होती आणि आमची ही आतबाहेर करत उगाचच डोळे टिपत होती.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. सुनेचं विचारायला लाजतात, म्हणून मशीनचं विचारलं. "पोचलं का? बरं हाय का? राहू द्या निवांत, घाई न्हाय."

"तुमचं जेवण?" मी विचारलं.

"भाकरी केली. जरा वजनदार झाली." मग आवाज उतरवून म्हणाले, "घर मातुर लई हलकं लागतंय, पावणं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मग तुम्हीच या की उद्या. चार दिवस राहा. हीपण म्हणतेय."

"आलो असतो की," ते म्हणाले. मागं गोठ्यात म्हातारी म्हैस हंबरलेली मला ऐकू आली. "पर हिला कोण बघंल?"