कुंपण कुणासाठी

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये आमच्या शेजारी राहणारे काका मेळघाटात फॉरेस्ट ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर मुलीकडे आले. प्रत्येक वाक्यापुढे "हो की नाही?" विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. आमच्या घरांमागच्या रानात रोज फिरतात, बुंध्याला कवेत घेऊन घेर अजमावतात आणि मग स्वतःवरच चिडतात. "इंग्रज गेले, पण त्यांची नजर आमच्या खात्यात ठेवून गेले. झाड बघितलं की आधी लाकूडच दिसतं!"

गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, हे रान ज्यांच्या मालकीचं त्या आमच्या वसाहतीच्या असोसिएशनची मीटिंग झाली. अर्धं रान बिल्डरला विकायचं, उरलेल्याला कुंपण घालायचं आणि तिथे अक्रोड वेचायला येणाऱ्यांना बंदी करायची, असा ठराव होता. प्रेसिडेंट त्याला कॉन्झर्व्हेशन म्हणत होता.

काका उठले. मी मदतीला उठणार, तर म्हणाले, "तू बस, मी बोलतो."

ठाम इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की इंग्रजांनी आमची जंगलं अशीच 'वाचवली'. जळणाची मोळी नेणारी बाई चोर ठरली आणि रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी डोंगरच्या डोंगर उघडे झाले. "मीही तेच नियम राबवले, म्हणून सांगतो. कुंपण माणसांना अडवतं, कुऱ्हाडीला नाही."

मतदान झालं. ठराव थोड्या मतांनी पडला.

बाहेर पार्किंगमध्ये आलो, तर ते भलत्याच गाडीचं दार उघडायला लागले.

"काका, घाबरलात?"

"छे गं! साहेबासमोर हे बोलायचं नोकरीत राहूनच गेलं होतं. आज बोलून टाकलं."